राजदूताची असहमती : केनेथ कीटिंग आणि १९७१

२९ मार्च १९७१. ढाक्यात पाकिस्तानी लष्कराची कारवाई सुरू होऊन चार दिवस झाले होते. परदेशी बातमीदारांना हॉटेलात डांबून, मग विमानात बसवून देशाबाहेर काढलेलं होतं. आत नेमकं काय चाललंय हे कळायचे रस्ते फार थोडे उरले होते. त्या दिवशी नवी दिल्लीतल्या अमेरिकन वकिलातीतून वॉशिंग्टनला एक तार गेली. खाली नाव राजदूत केनेथ कीटिंग यांचं. पूर्व पाकिस्तानातल्या कत्तलीने आपल्याला जबर धक्का बसला आहे, ही अमानुष कृत्यं अमेरिकन शस्त्रांनी होत असावीत या शक्यतेने आपण हादरलो आहोत, असं त्यांनी लिहिलं होतं. पुढे तीन मागण्या होत्या: या क्रौर्याचा ताबडतोब, जाहीर आणि ठळक निषेध करा, पाकिस्तान सरकारला खाजगीत खडसावा आणि तसं केल्याचं भारताला कळवा, शस्त्रपुरवठा थांबवल्याचं जाहीर करा. तारेचा शेवट होता, ‘अशा वेळी तत्त्व हेच सर्वोत्तम राजकारण ठरतं.’

राजदूत अशी भाषा सहसा वापरत नाहीत. त्यातून कीटिंग काही सरकारवर खार खाऊन असलेले, कोपऱ्यात पडलेले अधिकारी नव्हते. ते रिपब्लिकन पक्षाचे माजी सिनेटर होते आणि रिपब्लिकन अध्यक्ष रिचर्ड निक्सन यांनीच त्यांना दिल्लीला पाठवलं होतं.

या प्रकरणात माझ्या दृष्टीने कळीचा प्रश्न असा: राजकारणातून राजदूतपदावर आलेला माणूस आपल्याच अध्यक्षाच्या धोरणाशी पूर्णपणे असहमत झाला, तर त्याच्या हातात खरोखर काय असतं? कीटिंगना व्यवसायाने मुत्सद्दी असलेल्या सहकाऱ्यांपेक्षा जास्त बोलता आलं, आणि तरीही त्यांच्या शब्दाने धोरण तसूभरही हललं नाही. या दोन्ही गोष्टींची कारणं त्यांच्या आधीच्या कारकिर्दीतच सापडतात, म्हणून आधी तिकडे जाऊ.

रॉचेस्टरचा वकील

कीटिंग यांचा जन्म १८ मे १९०० चा, न्यूयॉर्क राज्यातल्या लायमा या छोट्या गावातला. रॉचेस्टर विद्यापीठातली पदवी, मग हार्वर्डमधून कायदा आणि रॉचेस्टरमध्येच वकिली. पहिल्या महायुद्धात ते लष्करात सार्जंट होते. दुसऱ्या महायुद्धात पुन्हा गणवेश चढवला आणि त्या काळात ते भारतात राहून गेले. पुढे राखीव दलात ब्रिगेडियर जनरल झाले. म्हणजे १९६९ मध्ये राजदूत म्हणून आले तेव्हा हा देश त्यांना अगदीच परका नव्हता.

नोव्हेंबर १९४६ च्या निवडणुकीत ते प्रतिनिधीगृहावर निवडून आले. जानेवारी १९४७ मध्ये त्यांच्यासोबत पहिल्यांदाच सभागृहात आलेल्यांत कॅलिफोर्नियाचे रिचर्ड निक्सन होते आणि मॅसॅच्युसेट्सचे जॉन केनेडीही होते. अमेरिकन राजकारणात एका वर्षी निवडून आलेल्यांचं नातं पुढे बरीच वर्षं टिकतं. १९७१ मध्ये अध्यक्षांच्या कार्यालयात जाऊन बसताना कीटिंगना दबल्यासारखं का वाटलं नसेल, याचं एक उत्तर इथे आहे. समोरचा माणूस अध्यक्ष असला तरी चोवीस वर्षांपूर्वी दोघांनी सुरुवात बरोबरच केली होती.

बारा वर्षं प्रतिनिधीगृहात काढून १९५८ मध्ये ते सिनेटवर निवडून गेले. ते पक्षाच्या मध्यममार्गी गटातले. कृष्णवर्णीयांच्या नागरी हक्कांचे कायदे उचलून धरणारे आणि साम्यवादाच्या बाबतीत कडक. हा मेळ आज चमत्कारिक वाटेल, पण त्या काळात न्यूयॉर्कच्या रिपब्लिकनांत तो नेहमीचाच होता.

क्युबा, १९६२

त्यांचं नाव देशभर झालं ते क्युबामुळे. ऑगस्ट १९६२ च्या अखेरीपासून ते सिनेटमध्ये उभं राहून सांगत होते, की सोव्हिएत संघ क्युबात सैनिक आणि क्षेपणास्त्रांची सामग्री उतरवतो आहे. केनेडी सरकार ते फेटाळत होतं. १० ऑक्टोबरला कीटिंगनी आणखी पुढचं पाऊल टाकलं: क्युबात मध्यम पल्ल्याच्या क्षेपणास्त्रांचे सहा तळ बांधले जात आहेत, असं त्यांनी सांगितलं. १४ ऑक्टोबरला अध्यक्षांचे राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार मॅकजॉर्ज बंडी यांनी दूरचित्रवाणीवर असा काही पुरावा नसल्याचं म्हटलं. त्याच दिवशी यू-२ या टेहळणी विमानाने क्युबावरून उडत जे फोटो काढले, त्यांत क्षेपणास्त्रांचे तळ स्वच्छ दिसले. २२ ऑक्टोबरला केनेडींनी राष्ट्राला उद्देशून भाषण केलं आणि पुढचे दिवस जगाने श्वास रोखून काढले.

आपल्याला ही माहिती कोणी दिली हे कीटिंगनी शेवटपर्यंत सांगितलं नाही. नावं उघड केली तर माणसं अडचणीत येतील, एवढंच ते म्हणत. इतिहासकार अजून त्यावर वाद घालतात.

मला या प्रसंगात महत्त्वाची वाटते ती कीटिंगना मिळालेली शिकवण. सरकार एखादी गोष्ट नाकारत असेल, आपल्याकडे खात्रीची माहिती असेल, आणि आपण ती न कंटाळता मांडत राहिलो, तर सरकारला शेवटी वस्तुस्थितीपुढे मान तुकवावीच लागते. क्युबाच्या बाबतीत हे घडायला सहा-सात आठवडे लागले. सिनेटरला व्यासपीठ असतं, सभागृहात कोणी त्याचा आवाज बंद करू शकत नाही आणि दुसऱ्या दिवशी त्याचं बोलणं वर्तमानपत्रात येतं. नऊ वर्षांनी त्यांनी दिल्लीतून हाच मार्ग धरला. मात्र तेव्हा ते सिनेटमध्ये नव्हते.

१९६४ ची निवडणूक त्यांनी हरली ती रॉबर्ट केनेडी यांच्याकडून. पक्षाचे अध्यक्षपदाचे उमेदवार बॅरी गोल्डवॉटर नागरी हक्क कायद्याच्या विरोधात मतदान करून आले होते. त्यांना पाठिंबा द्यायला कीटिंगनी नकार दिला. त्या प्रचारातला एक प्रसंग आजही सांगितला जातो. सीबीएस या दूरचित्रवाणी वाहिनीच्या स्टुडिओत कीटिंग आणि त्यांचे सहकारी सिनेटर जेकब जाविट्स रिकाम्या खुर्चीशी वाद घालत होते. केनेडी चर्चेला यायला तयार नाहीत हे लोकांना दाखवायचं होतं. नेमके केनेडी स्टुडिओच्या दाराशी हजर झाले, त्यांना आत सोडलं नाही, आणि बाहेर जमलेल्या बातमीदारांनी ते दृश्य टिपलं. डाव उलटला. तरी आकडे कीटिंगच्या बाजूनेही बोलतात. त्या राज्यात गोल्डवॉटर २६ लाखांहून जास्त मतांनी मागे पडले, कीटिंग सुमारे ७ लाखांनी. लाखो मतदारांनी पक्षाच्या अध्यक्षीय उमेदवाराला नाकारूनही त्यांना मत दिलं होतं.

पुढच्याच वर्षी ते न्यूयॉर्क राज्याच्या सर्वोच्च न्यायालयावर, म्हणजे ‘कोर्ट ऑफ अपील्स’वर, निवडून आले. तिथे काही वर्षं काढली आणि १९६९ मध्ये निक्सननी त्यांना दिल्लीचं राजदूतपद दिलं. तेव्हा ते ६९ वर्षांचे होते. पांढरेशुभ्र केस, ताठ बांधा, आणि यापुढे कुठली निवडणूक लढवायची नाही. ज्येष्ठ नेत्याला मानाची निवृत्ती देणारी नेमणूक, असंच सगळ्यांनी धरलं. त्यांच्या आधी दिल्लीत होते चेस्टर बोल्स, कनेक्टिकटचे माजी गव्हर्नर. त्याही आधी सिनेटर जॉन शर्मन कूपर येऊन गेले होते. दिल्लीला राजकारणी राजदूत नवे नव्हते.

ढाका ते दिल्ली, दिल्ली ते वॉशिंग्टन

डिसेंबर १९७० च्या निवडणुकीत शेख मुजीबुर रहमान यांच्या अवामी लीगला पाकिस्तानच्या राष्ट्रीय सभेत, महिलांसाठी राखीव जागा धरून, ३१३ पैकी १६७ जागा मिळाल्या. स्पष्ट बहुमत. सत्ता द्यायची टाळाटाळ झाली, वाटाघाटी फिसकटल्या आणि २५ मार्चच्या रात्री पाकिस्तानचे लष्करी अध्यक्ष जनरल याह्या खान यांच्या लष्कराने ढाक्यावर रणगाडे घातले. विद्यापीठाची वसतिगृहं, पोलिसांच्या बराकी, जुन्या ढाक्यातल्या हिंदू वस्त्या हे पहिले बळी.

ढाक्यातले अमेरिकन महावाणिज्यदूत आर्चर ब्लड यांनी २८ मार्चला तार पाठवली. तिचा विषय होता ‘निवडक वंशसंहार’. दुसऱ्या दिवशी कीटिंगनी आपली तार पाठवली आणि मुद्दाम तोच विषय ठेवला. हा बारकावा मला फार बोलका वाटतो. ब्लड हे चाकरीतले अधिकारी, त्यांचे वरिष्ठ इस्लामाबादला राजदूत जोसेफ फार्लंड, आणि फार्लंड यांना हा सूर पसंत नव्हता. ढाका कीटिंगच्या अखत्यारीत येतही नव्हतं. तरी त्यांनी ब्लड यांच्या विषयाची ओळ आपल्या तारेवर घेतली आणि एका कनिष्ठ अधिकाऱ्याच्या शब्दांमागे माजी सिनेटरचं वजन उभं केलं.

६ एप्रिलला ढाक्यातून ती प्रसिद्ध असहमतीची तार गेली. तिच्यावर २० अमेरिकनांची नावं होती. आपल्या सरकारने लोकशाहीच्या दडपशाहीचा निषेध केला नाही, अत्याचारांचा निषेध केला नाही, असं त्यांनी आपल्याच सरकारला लिहून कळवलं. ब्लडना ढाक्यातून परत बोलावण्यात आलं आणि वॉशिंग्टनमध्ये कर्मचारी विभागात बसवण्यात आलं. ऐन उमेदीत त्यांची कारकीर्द अडली.

कीटिंगना कोणी हात लावला नाही. एप्रिलच्या मध्याला मुंबईत त्यांनी बातमीदारांसमोर उघडपणे सांगितलं, की ‘अंतर्गत बाब’ हा शब्दप्रयोग किती ताणायचा याला मर्यादा असते. पाकिस्तान नेमकं तेच पालुपद लावून होतं आणि अमेरिकन सरकारही त्याचाच आधार घेत होतं. एखाद्या राजदूताने यजमान देशात उभं राहून आपल्या सरकारच्या भूमिकेला असा छेद देणं ही मोठी गोष्ट. चाकरीतल्या अधिकाऱ्याला आठवड्याभरात परतीचं तिकीट मिळालं असतं.

कीटिंगना ते का मिळालं नाही? राजकारणातून आलेल्या माणसाला घरी पाठवलं, तर तो घरी जाऊन गप्प बसत नाही. त्याचे सिनेटमध्ये मित्र असतात, संपादकांशी ओळखी असतात. १९७२ ची निवडणूक तोंडावर होती. न्यूयॉर्कचा लोकप्रिय माजी रिपब्लिकन सिनेटर नरसंहाराच्या मुद्द्यावर राजीनामा देऊन परत आला असता, तर व्हाइट हाउसला ते फार महागात पडलं असतं. शिवाय वयाच्या सत्तरीनंतर त्यांना कुठल्या बढतीची वाट पाहायची नव्हती.

३ जून आणि १५ जून

२८ एप्रिलच्या धोरणाच्या टिपणावर निक्सननी स्वतःच्या हाताने शेरा मारला: सर्वांना सूचना, या घडीला याह्यांवर दबाव आणू नका. ‘नका’ या शब्दाखाली तीन रेघा होत्या. दिल्लीच्या राजदूताला त्या रेघांमागचं कारण ठाऊक असायचं काही कारण नव्हतं.

३ जूनला कीटिंग वॉशिंग्टनमध्ये निक्सन यांचे राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार हेन्री किसिंजर यांना भेटले. किसिंजरनी त्यांना सांगितलं, की अध्यक्षांना याह्यांविषयी खास आपुलकी आहे. अशा पायावर धोरण उभं करता येत नाही हे खरं, पण ती वस्तुस्थिती आहे. या संभाषणाची लेखी नोंद आज उपलब्ध आहे. ती वाचताना मला राग येतो. लाखो माणसं सीमा ओलांडून भारतात येत असताना एका अनुभवी राजदूताला दिलेलं हे स्पष्टीकरण. आणि तेही पुरतं खरं नव्हतं.

१५ जूनला ते निक्सनना भेटले, किसिंजर तिथेच होते. निक्सन यांच्या कार्यालयात ध्वनिमुद्रण यंत्र बसवलेलं होतं, त्यामुळे ही भेट जवळजवळ शब्दशः हाती लागली आहे. कीटिंगनी वकिली शिस्तीने मांडणी केली. सुरुवातीला येणाऱ्या निर्वासितांत हिंदू आणि मुसलमान यांचं प्रमाण साधारण लोकसंख्येतल्यासारखंच होतं, कारण तेव्हा कत्तल सरसकट होती. मोठी शहरं लष्कराच्या ताब्यात आल्यावर चित्र पालटलं. आता हा जवळजवळ पूर्णपणे हिंदूंना मारण्याचा, वंशसंहाराचा प्रकार झाला आहे, असं त्यांनी अध्यक्षांना तोंडावर सांगितलं. रोज दीड लाखाच्या आसपास माणसं येत आहेत हेही सांगितलं.

याहून स्पष्ट काय सांगायचं असतं? पुरावा, प्रमाण, काळानुसार बदलत गेलेलं स्वरूप, सगळं त्यात होतं. निक्सननी ऐकून घेतलं. पाठीमागे मात्र, त्या काळच्या ध्वनिफितींत, ते आणि किसिंजर कीटिंगविषयी तुच्छतेनेच बोलताना ऐकू येतात. भारतात जाणारा प्रत्येक राजदूत भारतीयांच्या नादी लागतो, हा निक्सन यांचा पक्का ग्रह होता. त्यामुळे कीटिंगच्या तोंडची प्रत्येक नवी माहिती त्या ग्रहाला दुजोरा देणारी ठरायची. जितकं ते कळकळीने बोलत, तितके ते भारताचे वकील वाटत.

इथे मला क्युबा आठवल्यावाचून राहत नाही. १९६२ मध्ये सरकार नाकारत होतं, कारण त्याच्याकडे माहिती नव्हती. फोटो हाती आले आणि दोन दिवसांत सगळं सरकार कामाला लागलं. १९७१ मध्ये माहितीची टंचाई अजिबात नव्हती. ढाक्याहून येत होती, दिल्लीहून येत होती. सरकारने ठरवून वेगळ्या गोष्टीला वजन दिलं होतं. अशा वेळी आणखी एक तार, आणखी एक आकडा पाठवून काय होणार? कीटिंगचा सगळा आयुष्यभराचा अनुभव त्यांना वस्तुस्थिती मांडायला सांगत होता, आणि समोरच्यांना वस्तुस्थिती माहीत होती.

वेगळी गोष्ट होती चीन. बीजिंगशी संधान बांधायला निक्सन याह्यांच्या मध्यस्थीवर अवलंबून होते. ६ जुलैला किसिंजर दिल्लीत आले, तिथून पाकिस्तानात गेले, पोटदुखीचं निमित्त करून लोकांच्या नजरेआड झाले आणि ९ जुलैला गुप्तपणे बीजिंगला पोहोचले. इस्लामाबादच्या राजदूतांना, फार्लंडना, विश्वासात घेतलेलं होतं. १५ जुलैला निक्सननी दूरचित्रवाणीवर घोषणा केली आणि आधीच्या चार महिन्यांचा अर्थ एकदम उलगडला.

निक्सन-किसिंजर यांच्या बाजूने एवढं म्हणता येईल, की चीनचा दरवाजा उघडणं ही जगाच्या राजकारणातली प्रचंड घडामोड होती. पण बीजिंगशी बोलायला रुमानियाचा दुसरा मार्गही त्यांच्याकडे होता. आणि १५ जुलैनंतर तर मध्यस्थाची गरजच संपली होती. तरी धोरण बदललं नाही. म्हणून चीनचं कारण मला पूर्ण पटत नाही.

जहाजं, छावण्या आणि ५ पैशांचं तिकीट

२२ जूनला न्यूयॉर्क टाइम्सने बातमी दिली, की बंदी असूनही अमेरिकन लष्करी सामान घेऊन जहाजं पाकिस्तानकडे निघाली आहेत. भारताचे परराष्ट्रमंत्री स्वर्णसिंग त्याच आठवड्यात वॉशिंग्टनहून आश्वासनं घेऊन परतले होते. संसदेत संतापाचा भडका उडाला. आधी दिलेल्या परवान्यांवरचा माल होता, आकडा मोठा नव्हता, हे सगळं खरं. पण मार्चच्या तारेत कीटिंगनी नेमकी हीच बदनामी होईल असं बजावलं होतं. आता दिल्लीत परराष्ट्र खात्यापुढे उभं राहून खुलासे करायचं काम त्यांच्यावर आलं. ज्या गोष्टीला आपण विरोध केला तिचं समर्थन आपल्याच तोंडाने करायचं. राजदूताच्या नोकरीतला हा सर्वांत जाचक भाग असावा.

वर्ष संपेपर्यंत निर्वासितांची संख्या एक कोटीच्या घरात गेली. अर्थमंत्री होते यशवंतराव चव्हाण. हा खर्च भागवायला जादा कर बसवावे लागले. नोव्हेंबर १९७१ पासून पत्रांवर ५ पैशांचं शरणार्थी सहाय्य तिकीट लावणं सक्तीचं झालं. सांगली-साताऱ्याच्या पोस्टातून बाहेर पडणाऱ्या साध्या पाकिटावरही ते असे. ज्यांच्या घरी तेव्हाची पत्रं जपून ठेवलेली आहेत, त्यांनी काढून पाहावीत.

ऑगस्टमध्ये दोन गोष्टी घडल्या. ९ तारखेला भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात मैत्रीचा करार झाला. म्हणजे अमेरिकेने पाकिस्तानला पाठीशी घातलं तर त्याचा फायदा साम्यवादी उठवतील, हा मार्चच्या तारेतला इशारा पाच महिन्यांत खरा ठरला. साम्यवादाच्या बाबतीत आयुष्यभर कडक राहिलेल्या माणसाला याचं किती दुःख झालं असेल. दुसरं म्हणजे सिनेटर एडवर्ड केनेडी निर्वासितांच्या छावण्या पाहायला भारतात आले आणि परत जाऊन त्यांनी निक्सन सरकारवर कोरडे ओढले. सात वर्षांपूर्वी ज्यांनी कीटिंगना सिनेटमधून घालवलं त्या रॉबर्टचे हे धाकटे भाऊ. तेव्हाचे वैरी आता एकच गोष्ट सांगत होते. मात्र केनेडींना सिनेटचं व्यासपीठ होतं आणि कीटिंगकडे फक्त तारा होत्या.

डिसेंबरची तार

३ डिसेंबरला पाकिस्तानी विमानांनी भारतीय विमानतळांवर हल्ले केले आणि युद्ध पेटलं. ७ डिसेंबरला किसिंजरनी वॉशिंग्टनमध्ये बातमीदारांना नाव न छापण्याच्या बोलीवर धोरणाची बाजू समजावून सांगितली. पुढे सिनेटर गोल्डवॉटर यांनी तो सगळा वृत्तान्त अमेरिकन काँग्रेसच्या, म्हणजे संसदेच्या, नोंदीत घातल्यामुळे तो जगजाहीर झाला.

कीटिंगनी किसिंजर यांच्या त्या बोलण्याचा वृत्तान्त दिल्लीत वाचला आणि ८ डिसेंबरला तार केली. माझ्या मते त्यांच्या सगळ्या लिखाणात ही तार श्रेष्ठ आहे. मार्चच्या तारेत संताप होता. हिच्यात न्यायाधीशाने निकालपत्र लिहावं तशी मांडणी आहे. गेल्या आठ महिन्यांतल्या घटनांची आपल्याला जी माहिती आहे तिच्याशी या वृत्तान्तातले काही भाग जुळत नाहीत, असं सांगणं भाग आहे, अशी सुरुवात. मग एकेक दावा घेऊन त्याची तपासणी.

पूर्व पाकिस्तानातला दुष्काळ टाळण्यासाठीची १५.५ कोटी डॉलरची मदत भारताच्या खास विनंतीवरून सुरू झाली, हा दावा. कीटिंगनी आठवण करून दिली, की राजकीय तोडगा निघण्याआधी अशी मदत सुरू करायला भारताची नाखुशी होती. त्यामुळे याह्यांचीच सुटका होईल, असं भारताचं म्हणणं होतं आणि स्वर्णसिंग यांनी ते आपल्याशी बोलताना मांडलं होतं. दुसरा दावा, की पूर्व बंगालच्या स्वायत्ततेच्या नेमक्या वेळापत्रकावर बोलायला वॉशिंग्टन आणि इस्लामाबाद तयार असल्याचं भारताचे राजदूत ल. क. झा यांना १९ नोव्हेंबरला सांगितलं होतं. त्या भेटीचा जो एकमेव संदेश आपल्या दप्तरी आहे त्यात या कळीच्या गोष्टीचा उल्लेखही नाही, असं कीटिंगनी दाखवलं. याह्यांनी निर्वासितांना दिलेल्या माफीचंही तसंच: ज्यांच्यावर आधीच आरोप ठेवलेले आहेत त्यांना ती लागू नव्हती. असल्या गोष्टींनी अमेरिकेची बाजू भक्कम होत नाही आणि तिच्या शब्दाची पतही वाढत नाही, असं त्यांनी बजावलं.

त्यांची ही तऱ्हा मला मनापासून भावते. युद्ध चालू आहे, अध्यक्ष भारतावर चिडलेले आहेत, आणि ७१ वर्षांचा राजदूत आपल्या दप्तरातले कागद उघडून सांगतो आहे की तुम्ही लोकांना सांगितलेलं कागदांशी जुळत नाही. त्यात भारताची तरफदारी नाही. भारताने युद्ध केलं ते बरोबर की चूक, यावर त्या तारेत वाद नाही. आपल्या सरकारने आपल्या लोकांशी खरं बोलावं, एवढाच आग्रह आहे.

थोड्याच दिवसांत ‘एंटरप्राइझ’ ही विमानवाहू नौका आपल्या ताफ्यासह बंगालच्या उपसागराकडे निघाली. दिल्लीतल्या इतर देशांच्या राजदूतांना हे अमेरिकेने युद्ध वाढवल्यासारखं दिसतं आहे, आणि याह्यांना लढाई चालू ठेवायला यातून बळ मिळतं आहे, असं कीटिंगनी कळवलं. १६ डिसेंबरला ढाक्यात पाकिस्तानी फौजांनी शरणागती पत्करली.

डिसेंबरच्या मध्यापासून स्तंभलेखक जॅक अँडरसन यांनी व्हाइट हाउसमधल्या गुप्त बैठकांतला मजकूर छापायला सुरुवात केली होती. जानेवारी १९७२ च्या सुरुवातीला कीटिंगची डिसेंबरची तारही त्यातून बाहेर आली. एका रात्रीत सगळ्या अमेरिकेला कळलं, की खुद्द दिल्लीचे राजदूत किसिंजर यांचं म्हणणं खोडून काढत होते. अँडरसनना त्या वर्षीचं पुलित्झर, म्हणजे पत्रकारितेचं मानाचं पारितोषिक, मिळालं. सिनेट सुटल्यानंतर प्रथमच कीटिंगचा आवाज लोकांपर्यंत पोहोचला होता, पण तोवर युद्ध संपून गेलं होतं.

हिशेब

त्यांच्यापुढे पर्याय तीन होते. राजीनामा देऊन गावभर बोलायचं. गप्प राहून नोकरी निभवायची. किंवा खुर्चीवर राहून आतून लिहीत राहायचं. त्यांनी तिसरा निवडला आणि मुंबईसारख्या एखाद्या प्रसंगी पहिल्याकडे पाऊल टाकलं.

राजीनामा द्यायला हवा होता का? यावर मी बराच विचार केला आहे. १५ जूनच्या भेटीनंतर समजून चुकायला हवं होतं, की आतून काही होणार नाही. ज्या राजकीय वजनामुळे त्यांना धक्का लागत नव्हता, ते वजन त्यांनी कधी खर्चलंच नाही. जूनच्या अखेरीस, जहाजांची बातमी ताजी असताना, ते पद सोडून वॉशिंग्टनला परतले असते आणि सिनेटच्या परराष्ट्र समितीपुढे बसून तेच बोलले असते, तर शस्त्रांचे उरलेले परवाने नोव्हेंबरपर्यंत रेंगाळले नसते असं मला वाटतं. व्हाइट हाउसचं मूळ धोरण त्यानेही बदललं नसतं. आणि दिल्लीत त्यांच्या जागी हुकमाचा ताबेदार कोणी आला असता, तर डिसेंबरची ती तार लिहायला माणूसच उरला नसता. दोन्ही बाजू तोलल्यावर त्यांचं थांबणं मला योग्य वाटतं, पण जूनमध्ये एक जाहीर धमकी द्यायला हवी होती, असंही वाटतंच.

ब्लड आणि कीटिंग यांची तुलना केल्याशिवाय हे प्रकरण पुरं होत नाही. दोघांनी एकच सत्य सांगितलं. ब्लडनी त्याची किंमत मोजली. त्याच वर्षी त्यांना सहकाऱ्यांच्या संघटनेकडून धैर्याबद्दलचा पुरस्कार मिळाला, पण राजदूतपद कधीच मिळालं नाही. कीटिंगनी किंमत मोजली नाही. १९७२ च्या जुलैत ते दिल्लीहून गेले आणि १९७३ मध्ये त्याच निक्सननी त्यांना इस्रायलला राजदूत म्हणून पाठवलं. बोलण्याचं संरक्षण ज्याला असतं, त्याने त्याचा वापर ज्याला ते नाही त्याच्यासाठी करावा; २९ मार्चला ब्लड यांचा विषय आपल्या तारेवर घेताना कीटिंगनी ते केलं. ब्लडच्या बदलीच्या वेळी तेवढं वजन त्यांनी टाकलं असतं तर, असं मनात येऊन जातं.

इस्रायलमध्ये रुजू होऊन काही आठवडेच झाले होते. ६ ऑक्टोबर १९७३ च्या सकाळी पंतप्रधान गोल्डा मेयर यांनी त्यांना बोलावून सांगितलं, की आज हल्ला होणार आहे, पण इस्रायल पहिला वार करणार नाही. दुपारी इजिप्त आणि सीरियाच्या फौजा तुटून पडल्या. त्या पदावर असतानाच ५ मे १९७५ रोजी न्यूयॉर्कमध्ये कीटिंग यांचं निधन झालं. पुढे अमेरिकन परराष्ट्र खात्याने १९७१ चे कागद आणि ध्वनिमुद्रणांची लिखित रूपं प्रसिद्ध केली. १५ जूनच्या भेटीतलं त्यांचं बोलणं त्यात आहे, आणि ते कोणालाही वाचता येतं.